न मिटलेलं वर्तुळ

आंघोळीचं पाणी गार झालं की बादल्यांनी खाली न्यायचं, असा इंग्लंडमधल्या ऑल्डरकोट वाड्याचा त्या कोरड्या उन्हाळ्यातला नेम होता. एकोणीसशे शहात्तर साल. नळाच्या पाण्याने बाग शिंपायला सरकारने बंदी केली होती. तळं इतकं आटलं होतं की मेंढ्या त्याच्या मधोमध उभ्या राहून इकडेतिकडे बघत, जणू कुणीतरी आपल्याला फसवलं आहे.

सिसिली थर्लबी रोज सकाळी दोन बादल्या दक्षिणेच्या हिरवळीवरच्या देवदाराला घालत असे. हिरवळ आता नावाचीच हिरवी राहिली होती. दोनशे वर्षांच्या देवदाराला दोन बादल्या पाण्याने काही होत नाही, हे सत्तरीच्या बाईला कळत होतं. तरी ती घालत असे.

शनिवारी तिची नणंद विनी आपल्या झोपडीवजा घरातून भांडी धुतलेलं पाणी घेऊन आली. विनिफ्रेड थर्लबी चौऱ्याहत्तर वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. गावच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं होतं.

"तुझ्या पाण्यात साबण आहे," विनी म्हणाली.

"झाडाला चालतो."

"सोमवारी तोडायचं झाड. त्याला आज आंघोळ."

"सोमवार परवा आहे," सिसिलीने दुसरी बादली ओतली. मग अंगावरचे लाल ठिपकेदार किडे झटकले. त्या वर्षी ते सगळीकडे होते, चहात, अंथरुणात, चर्चच्या स्तोत्रांच्या पुस्तकात. "विनी, आज तो उद्यान मंडळाचा माणूस येतोय. तू काही बोलणार नाहीस ना?"

"कशाबद्दल?"

"मला शाळेतल्यासारखं खेळवू नकोस. मीसुद्धा माळ्यावरच्या खिडकीतून पाहिलंय."

माळ्यावरच्या खिडकीतून जे दिसे ते असं: वाळलेल्या पिवळ्या गवतात आणखी पिवळ्या रेषा. देवदाराभोवती एक प्रचंड वर्तुळ, आणि बुंध्यापासून निघालेल्या आठ सरळ वाटा. खाली उभं राहिलं तर काही कळत नसे, वरून सगळी आकृती दिसे. जमिनीखाली जुनी कठीण वाट असली की तिच्यावरचं गवत दुष्काळात आधी मरतं.

सिसिलीचा मुलगा गॉडफ्री जुलैत माळ्यावर गेला होता तो सामानाची यादी करायला. थर्लबींची वास्तू काउंटीला कॉलेजसाठी देऊन टाकायची आणि आपण वर्दिंगला समुद्राकाठच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असं त्याने ठरवलं होतं. पत्र लिहून अभ्यासिकेच्या खणात ठेवलं होतं. त्याने खिडकीतून खाली पाहिलं. मग खाली येऊन, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, या घरात कुदळ कुठे असते असं विचारलं.

त्याला सहा आठवडे झाले होते. मंडळाने फोटो पाहून कळवलं होतं की ही सोळाशे नव्वदच्या सुमाराची हरवलेली राजेशाही बाग असावी. घराण्याच्या बायबलमध्ये नोंद होती की देवदार सर जॉसलिन यांनी त्यानंतर ऐंशी वर्षांनी लावला. म्हणजे देवदार घुसखोर. गॉडफ्री बाग पुन्हा उभी करणार होता. लडलो गावचे लाकूडतोडे सोमवारी सकाळी सातला येणार होते. सहा आठवड्यांत गॉडफ्री दोनदा हसला होता. सिसिलीने मोजलं होतं. आणि पत्र अजून खणातच होतं.

"ती सोळाशे नव्वदची बाग नाही," विनी शांतपणे म्हणाली.

"मला ठाऊक आहे. ती तुझी भूमितीची तासिका आहे. महायुद्धात बॉम्बच्या भीतीने बर्मिंगहॅमहून पाठवलेली ती चौतीस पोरं, आणि आपल्या बॉयलरची राख घालून केलेल्या त्या वाटा. मधल्या वाफ्यांत बीट. पाच हिवाळे मी ते बीट खाल्लंय, विनी. मला विसरायचं म्हटलं तरी जमणार नाही."

"मग झाड नकोय का तुला?"

सिसिलीने वर पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षं दुपारचा चहा ती याच फांद्यांखाली घेत आली होती. सासू, नवरा, दोन कुत्री, सगळी याच सावलीत म्हातारी झाली होती.

"हवंय," ती म्हणाली. "पण झाड वर्दिंगला जाणार नाही. गॉडफ्री जाईल."

विनीने आपलं पाणी बुंध्याशी ओतलं. मग म्हणाली, "मी कुणाला उत्तर सांगत नाही. चाळीस वर्षांत एकाही मुलाला सांगितलं नाही. मी फक्त विचारते."

सिसिलीने पहिली दोन वाक्यं ऐकली आणि तिचा जीव भांड्यात पडला. विनीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती.

*

मिस्टर पम्फ्री उन्हातही वास्कुटाची सगळी बटणं लावून आले होते. गॉडफ्री त्यांना माळ्यावर घेऊन गेला, आणि खिडकी उघडून बाजूला ताठ उभा राहिला.  शाळेत प्रगतिपुस्तक घरी पाठवण्याआधी मुख्याध्यापक ते वाचून दाखवत, तेव्हा तो असाच उभा राहत असे.

"अप्रतिम," पम्फ्री म्हणाले. "सर गॉडफ्री, अप्रतिम. कुणा डच उस्तादाचं काम. आणि ते वर्तुळ पाहा. मिटत नाही."

"मीही पाहिलं ते. शेवट सुरुवातीच्या आत येतो."

"साडेपाच यार्ड आत. मी आल्याआल्या मोजलं. तेच तर थोर आहे! पाहुण्याला वाटावं की आपण फिरून होतो तिथेच आलो, आणि बघावं तर तो आतल्या अंगाला. मनुष्यजन्माविषयीचा विचार आहे त्यात."

गॉडफ्रीला मनुष्यजन्माविषयी फारसं काही वाटत नव्हतं. पण कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी या जागेवर एवढा जीव टाकला, या कल्पनेने त्याला ही जागा पहिल्यांदा आपली वाटली होती. एरवी ऑल्डरकोट म्हणजे त्याच्यासाठी सुट्टीत यायचं ठिकाण. आठव्या वर्षी त्याला वेल्सच्या वसतिगृहात धाडलं. थर्लबींच्या मुलग्यांना आठव्या वर्षी धाडतातच. त्यात कुणाचा राग नसतो आणि कुणाला विचारतही नाहीत.

जिन्यावर पावलं वाजली. त्याची धाकटी बहीण हेस्टर लीड्सहून गाडी हाकत आली होती. ती दातांची डॉक्टर होती आणि खोलीत शिरताच माणसांच्या तोंडाकडे बघत असे. तिच्यामागे सिसिली होती, जिना चढून धापा टाकत.

"तुझी ती प्रसिद्ध बाग दाखव बघू," हेस्टर खिडकीशी आली. खाली पाहिलं. "अरे! हे तर—"

"हेस्टर," सिसिली म्हणाली, "माझी पिन पडली. शोध."

दोघी खाली वाकल्या.

"आई, पिन तुझ्या केसांत आहे."

"मला ठाऊक आहे. गप्प बस."

"पण ते आपलं बीटाचं—"

"गप्प बस म्हटलं ना."

जमिनीवर गुडघे टेकून सिसिलीने पुटपुटत पत्राची हकीकत सांगितली. हेस्टरने ती ऐकली. मुलगी म्हणून तिला वसतिगृह मिळालं नव्हतं, गावची शाळा मिळाली होती. तिला लॅटिन येत नव्हतं, आणि घरही मिळणार नव्हतं. भावाच्या राजेशाही बागेचं बीट करून टाकायला तिला मनापासून आवडलं असतं.

"म्हणजे तो खोट्यावर राहणार इथे?"

"आपल्यात कोण कशावर राहिलंय ते आज काढायचं नाही."

हेस्टर उठली. भावाकडे पाहिलं. तो पम्फ्रींना एका झुडपाचं नाव सांगत होता, आणि ते बरोबर होतं.

"सुंदर आहे," हेस्टर म्हणाली. दात घट्ट आवळून.

*

जेवायला थंडगार हॅम, काकडी, उकडलेली अंडी आणि व्हिनेगरमधलं बीट होतं. बीट पाहून हेस्टरने आईकडे पाहिलं. सिसिलीने मिठाकडे पाहिलं. पम्फ्रींनी दोनदा बीट वाढून घेतलं.

"घरचं?"

"आमच्याकडे पूर्वीपासून चांगलं येतं," विनी म्हणाली.

गॉडफ्री खुशीत होता. "आत्या, तू एवढी वर्षं इथे आहेस. तुला कधी शंका आली होती का, हिरवळीखाली काही असेल म्हणून?"

सिसिलीचा काटा थांबला.

"लढाईत तिथे भाजी लावली होती," विनी म्हणाली. हे खरंच होतं.

"ते आठवतं मला. जुलैत घरी आलो तेव्हा सगळीकडे पाल्याचं रान होतं. पण ते वरवरचं. हे खालचं आहे."

"मला एक विचारायचंय," विनीने हात पुसले. "एवढं मोठं वर्तुळ काढतात कसं?"

"मध्ये खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची आणि ताणून चालायचं."

"म्हणजे मध्ये खुंटी होती."

"झाड तेव्हा नव्हतंच ना. खुंटीच असणार. नंतर सर जॉसलिनने नेमकं मधोमध झाड लावलं. त्याला रचना कळली नाही."

"कळली नाही, पण मध्य सापडला."

टेबलाखाली सिसिलीने नणंदेला लाथ मारली. ती पम्फ्रींना लागली. पम्फ्रींनी माफी मागितली.

"खुंटी बारीक असते," विनी पुढे म्हणाली. "तिच्याभोवती फिरून माणूस जिथून निघाला तिथेच परत यायला हवा. हा का नाही आला?"

"मुद्दाम, बाईसाहेब," पम्फ्री म्हणाले. "तो एक विचार—"

"किती चुकला म्हणालात?"

"साडेपाच यार्ड."

"नेमका साडेपाच?"

"अगदी नेमका."

"मुद्दाम चुकणारा माणूस सहा चुकला असता," विनी म्हणाली आणि अंडं कापू लागली.

"विनी, तू मला सकाळी काय म्हणालीस?" सिसिलीचा आवाज चढला नव्हता. या घरात चढत नसे. फक्त प्रत्येक शब्द वेगळा ठेवल्यासारखा आला.

"विचारते, असं म्हणाले. विचारतेय."

गॉडफ्रीने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग बहिणीकडे. हेस्टर अचानक पावाला लोणी लावू लागली. ती लोणी खात नसे.

"घरात दोरी आहे का?" त्याने विचारलं.

"सफरचंदांच्या कोठीत, दारामागे खुंटीवर," विनी म्हणाली. "पंचवीस यार्ड."

"पंचवीस यार्ड हे तुला कसं ठाऊक?"

विनीने अंड्यावर मीठ घातलं.

*

देवदाराखाली सगळे येऊन उभे राहिले, कुणीच बोलावलं नसताना. हेस्टरला झाडाचा वास आला, राळेचा आणि धुळीचा. सात वर्षांची असताना तिच्या हाताला हाच वास यायचा.

गॉडफ्रीने इकडेतिकडे पाहिलं. खुंटी ठोकायला मध्य मोकळा नव्हता. तिथे झाड होतं.

"मग कशाला बांधू?" तो म्हणाला.  विनी घडीच्या खुर्चीवर बसली होती, आणि ज्यांना तिने शिकवलं होतं त्या सगळ्यांना ती बसण्याची पद्धत ठाऊक होती. ती कितीही वेळ बसू शकत असे.

शेवटी त्याने दोरी बुंध्यालाच गाठ मारून बांधली. दुसरं टोक घेऊन ताणत मागे गेला. वर्तुळाची बाहेरची सुरुवात जिथे होती, वाळल्या गवताची फिकट पट्टी, बरोबर तिथे त्याची टाच टेकली. पंचवीस यार्ड.

तो चालू लागला. दोरी बुंध्याला विळखा घालू लागली आणि पावलागणिक आखूड होऊ लागली. ती त्याला हळूहळू आत ओढत होती. त्याने खाली पाहिलं. फिकट पट्टीही आत सरकत होती. बूट तिच्यावरच पडत होते. पाव फेरी, अर्धी फेरी, पाऊण फेरी. पम्फ्री आपल्या मापांचा कागद खाली धरून त्याच्याबरोबर चालत होते, बाहेरच्या बाजूने, अंत्ययात्रेत चालल्यासारखे.

पट्टी संपली तिथे गॉडफ्री थांबला. त्याचा बूट तिच्या टोकापासून अर्धा यार्ड आत पडला होता. दोरीने बुंध्याभोवती एक पूर्ण वेढा घेतला होता. तो झाडाकडे गेला, खिशातून मोजपट्टी काढली आणि बुंध्याचा घेर मोजला.

"सहा यार्ड," तो म्हणाला. "पण चूक साडेपाचची आहे."

"झाडं वाढतात," विनी म्हणाली.

गॉडफ्रीने मोजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

"म्हणजे वर्तुळ काढलं तेव्हा झाड होतं," गॉडफ्री सावकाश म्हणाला. "दोरी झाडालाच बांधली होती. आणि झाड तेव्हा जवळजवळ एवढंच होतं."

"बरोबर."

पम्फ्रींनी पेन काढलं. ते सभ्य गृहस्थ होते आणि कामाला पक्के होते. "साल?"

"एकोणीसशे एकेचाळीस. ईस्टर."

"रचना कुणाची?"

"इयत्ता चौथी," विनी म्हणाली.

पम्फ्रींनी ते लिहिलं. मग वाचलं. मग पेनाला टोपण लावलं.

"तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," गॉडफ्री म्हणाला. "आई, तुलाही?"

"तू हसत होतास, गॉडफ्री."

"मी परवा हे झाड तोडणार होतो!"

"मी त्याला रोज पाणी घालत होते," सिसिली म्हणाली, जणू हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा होता.

गॉडफ्री दोरीचं टोक हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या बाहीवर तीन ठिपकेदार किडे चढले. "आणि मी कुठे होतो? ईस्टरला सुट्टी असते."

"गोवर," हेस्टर म्हणाली. "तुझ्या शाळेत गोवर आला होता. कुणाला घरी सोडलं नाही."

त्याला आठवलं. पांढऱ्या भिंतींची खोली, तीन आठवडे, आणि पडदे ओढलेले. घरून एक पत्र आलं होतं. त्याने ते इतक्यांदा वाचलं होतं की अजून पाठ होतं.

"तू लिहिलं होतंस, 'इथे सगळं नेहमीसारखं आहे,'" तो आईला म्हणाला.

"तुझं काही बुडतंय असं वाटू नये म्हणून."

"वाटलं नाही," गॉडफ्री म्हणाला. "मला वाटलं, मी नसलो तरी इथे सगळं नेहमीसारखंच असतं."

 सिसिलीला त्या घरात असं बोलायची भाषा कुणी शिकवली नव्हती. तिला जमण्यासारखी एकच गोष्ट तिने केली, त्याच्या बाहीवरचे किडे झटकले.

विनी खुर्चीतून उठली नाही. "गॉडफ्री, चूक काय झाली ते कळलं. का झाली?"

"आत्या, आता पुरे."

"का झाली?"

त्याने सुस्कारा टाकला. बुंध्याकडे पाहिलं. "गाठ मारायला नको होती. सैल फास हवा होता. आणि कुणीतरी बुंध्याशी उभं राहून तो फास दोरीबरोबर फिरवत न्यायला हवा होता. मग वेढा पडला नसता."

"बरोबर."

"मग का नाही केलं? चौतीस मुलं होती तुझ्याकडे! एकाला उभं करता आलं नाही?"

विनीने हेस्टरकडे पाहिलं. हेस्टरने आपल्या बुटांकडे.

"ती जागा तुझी होती," हेस्टर म्हणाली. "फास तू धरायचा असं ठरलं होतं. आत्याने दुसऱ्याला सांगितलं तेव्हा मी त्याला चावले."

"चावलीस?"

"मनगटाला. रक्त आलं. नंतर कुणी तिथे उभं राहायला तयार होईना."

"पाच जणांना विचारलं मी," विनी म्हणाली. "मग गाठ मारली. म्हटलं, गॉडफ्री आला की पुन्हा काढू."

"मग काढलं का नाही?"

"तू जुलैत आलास. तुला विमानांशिवाय काही दिसत नव्हतं. आणि तोवर बीट वर आलं होतं."

गॉडफ्रीने ओठ आवळले. सिसिलीला वाटलं, आता तो घरात जाईल आणि अभ्यासिकेचं दार लागेल. तिने मनातल्या मनात खण उघडल्याचा आवाजही ऐकला.

तो झाडाशी गेला. वेढा सोडवला, मग गाठ. ती घट्ट बसली होती, त्याला नखं लावावी लागली. दोरीच्या टोकाला त्याने सैल फास केला, बुंध्याभोवती घातला आणि दोन्ही हातांनी धरला.

"हेस्टर, बूट काढ. टोक घे."

"मी बेचाळीस वर्षांची आहे."

"मी पंचेचाळीस. चल."

ती अनवाणी मागे गेली, दोरी ताणेपर्यंत. पम्फ्रींनी न सांगता आपली हॅट तिच्या टाचेशी खूण म्हणून ठेवली. ती चालू लागली. गॉडफ्री बुंध्याला लागून तिच्याबरोबर फिरत होता. साल खरखरीत होती, फास अडकत होता, गॉडफ्री तो सोडवून पुढे सरकवत होता. कोटाला राळ लागली. एका मुळावर तो अडखळला आणि त्याने शिव्या दिल्या, त्या लॅटिन होत्या. हेस्टर जुनी पट्टी सोडून बाहेरून चालली होती, जिथे गवतावर काहीच खूण नव्हती.

ती हॅटपाशी आली आणि थांबली. तिचा अंगठा हॅटच्या कडेला टेकला होता.

विनी कधी कुणाला शाबासकी देत नसे. गणित सुटलं की तिचं एकच वाक्य असे, आणि गावातली साठीची माणसंसुद्धा ते ओळखत.

"आता दुसऱ्याला शिकव," ती म्हणाली.

गॉडफ्री फास धरून उभा होता. कपाळावर घाम होता.

"आई," तो म्हणाला, "लडलोला फोन कर. सोमवारी येऊ नका म्हणावं."

"करते." सिसिली दोन पावलं गेली आणि वळली. "आणि ते खणातलं पत्र? आजच्या टपालाने जायचंय का?"

"आत्ता हात मोकळे नाहीत, आई." त्याने इकडेतिकडे पाहिलं. हिरवळीवर शिकवायला एकच माणूस उरला होता. तो वास्कुटाची सगळी बटणं लावून, बोडक्या डोक्याने उन्हात उभा होता. "मिस्टर पम्फ्री, जरा इकडे या. हा फास धरा. घट्ट नाही, सैल."